‘बग’ म्हणाल्या रूथताई

रूथताईंचं नाव आधी लिहिते, दिल्लीचं मागाहून. डॉक्टर रूथ साळवे. घराणं मूळचं आपल्या नगरकडचं, जन्म मात्र करोलबागेतला. नोकरी दिल्लीतल्या एका तपासणीच्या लॅबमध्ये आणि राहायला नोएडात, मी उतरले होते त्याच सोसायटीत, मागच्या बिल्डिंगला. त्या नसत्या तर ज्या बोटानं मी आज हे पेन दाबून धरलंय ते बोट माझ्या हाताला राहिलं नसतं. शिवणारीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट म्हणजे काय, हे सुई धरणाऱ्या बायकांना सांगायला नको.

दिल्लीला जाऊन आलेल्यांनी लाल किल्ला, कुतुबमिनार यांच्यावर पुष्कळ लिहिलंय. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. राजे-बादशहा मला नीट लावता येत नाहीत, म्हणून मी राहिले तेवढंच लिहिते. त्यालाही बरीच वर्षं झाली. नोएडात तेव्हा मेट्रो नव्हती. आता कुणी तिथले फोटो दाखवले की मी त्यात माझं नोएडा शोधत बसते, आणि ते कुठंच नसतं.

नोएडा

आमचं गाव तासगावच्या अलीकडं. सावंतकाकूंचं माहेर तासगाव, आणि त्यांचे ब्लाउज त्यांच्या लग्नाआधीपासून माझी आई शिवायची. काकांनी केंद्र सरकारची सगळी नोकरी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आणि रिटायरमेंट दिसायला लागल्यावर यमुनेपलीकडं सोसायटीत फ्लॅट घेतला. त्यांच्या अमृताचं लग्न वैशाखात ठरलं होतं. काकू माघात माहेरी आल्या, आईपुढं बसल्या आणि म्हणाल्या, “शोभाला दे माझ्याबरोबर. तिकडचे मास्टरजी ब्लाउज शिवतात की ढोलकीला खोळ घालतात, काही समजत नाही.”

आई घाबरली, मी तिच्याहून जास्त. मी मिरजेच्या पलीकडं गेले नव्हते. पण वडील गेल्यावर शाळा सुटली तेव्हा आईनं जी सुई हातात दिली, तिनंच आमचं घर चाललं होतं, आणि ती सुई दिल्लीला बोलावत होती. गेले. गाडीतल्या प्रवासाचं काही लिहीत नाही. सगळा वेळ मी पिशवीवर हात ठेवून बसले होते, कात्री कुणी पळवील म्हणून.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टसाठी भिंतीत उभं भोक ठेवलेलं, लिफ्ट यायची होती. सगळंच यायचं होतं तिथं. रस्ते आखलेले, दुकानं यायची होती. दुकानांवर पाट्या लागलेल्या, आत माल यायचा होता. सेक्टरांना नावं नव्हती, नंबर होते, आणि त्या नंबरांना एकमेकांच्या शेजारी राहायची सवय नव्हती. काका म्हणायचे, “हरवलीस तर नंबर विचारू नकोस, पाण्याची टाकी कुठं ते विचार.” पण मागच्या बाल्कनीतून जे दिसायचं ते माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून मोहरीचं शेत, पिवळंधमक, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. आणि संध्याकाळी त्यात नीलगायी उतरायच्या. इकडं खाली पोरं केबलच्या वायरी एका गच्चीतून दुसऱ्या गच्चीत ओढतायत आणि तिकडं नीलगाय मान वर करून बघतेय. पुढच्याच वर्षी त्या शेतात खांब उभे राहिले म्हणे.

खाण्याची आबाळ होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. सकाळी पराठा आणि दही. आपल्याकडं सकाळी दही खाल्लं की आई ओरडते, तिथं दही नसलं तर आई ओरडते. ज्वारी मिळायची नाही, पण दूधवाला हरयाणाचा होता, त्यानं बाजरीचं पीठ आणून दिलं. काकूंनी पहिली भाकरी थापली आणि तो दारातच थांबून बघत राहिला. म्हणाला, “हम तो इससे मोटी बनाते हैं जी, ये तो कागज़ है.”

अमृता दिल्लीत वाढलेली. गोड मुलगी, पण मराठी अशी बोलायची की अर्धं वाक्य आपण पुरं करावं. “शोभा, ते… बाहीचं… टाइट आहे यार, थोडं सैल… सैलच ना? की सहल?” मी हसले की ती म्हणायची, “तू पण हिंदी बोल ना, मग मी हसते.” आणि माझी हिंदी खरंच तशी होती. त्याचं पुढं येतंच.

पानिपत

एका रविवारी काका म्हणाले, “उद्या सुट्टी टाकतो. पानिपतला जाऊ.”

मी हातातलं शिवण खाली ठेवलं. आपल्याकडं पानिपत झालं म्हणजे सगळं गेलं. काकू मात्र पर्स घेऊन तयार. तिथं हातमागाच्या चादरी, गालिचे, ब्लँकेटं मिळतात. दिल्लीकरांच्या मुलीबाळींच्या लग्नाची अंथरुणं-पांघरुणं पानिपतहून येतात. काकू गाडीत म्हणाल्या, “सव्वा लाख बांगडी फुटली तिथं. मी सोलापुरीच्या तोडीच्या चार चादरी आणल्याशिवाय परत यायची नाही.”

काकांनी आधी लढाईच्या जागी नेलं. माळासारखी मोकळी जागा, एक खांब, बाग केलेली. दोन बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. काका चप्पल काढून उभे राहिले. काकू आधी म्हणाल्या, “चला, दुकानं बंद होतील,” आणि मग त्यांनीही चप्पल काढली. मला इतिहास येत नाही, पण एवढ्या लांब आपल्याकडची माणसं चालत आली, थंडीत उपाशी राहिली, आणि त्यांच्यातही कुणी अंगरखे शिवणारा असेल, असं काहीतरी मनात आलं. त्याला घरची आठवण कशानं येत असेल? मला तर दोन आठवड्यांत यायला लागली होती.

दुकानात काकूंनी भावाची अशी घासाघीस केली की दुकानदार शेवटी म्हणाला, “बहनजी, मराठे इस बार जीत गए.”

मांजर

आमच्या वरच्या मजल्यावर भल्ला आंटी राहायच्या. त्यांची पांढरी, झुपकेदार शेपटीची मांजर, नाव रानी. सज्ज्यांवरून उतरून ती आमच्या मागच्या बाल्कनीत यायची. मी कापलेलं कापड वेताच्या टोपलीत ठेवत असे. एका सकाळी बघते तर टोपलीत अमृताच्या शालूच्या ब्लाउजाचं रेशीम, त्यावर रानी, आणि तिच्या पोटाशी डोळे न उघडलेली पिल्लं.

आपल्याकडं मांजर पसाभर धान्यात व्याली तरी कुणी हात लावत नाही. मला हे माहीत होतं. पण ते रेशीम बघून मला काही सुचलं नाही. मी एक पिल्लू उचललं आणि रानीनं माझं बोट धरलं. कडकडून नाही, एकदाच. दोन बारीक भोकं पडली, सुईची पडतात तशी. रक्तही फार नाही आलं.

आंटी वरून धावत आल्या. “हाय राम, मेरी रानी ने काट लिया! बेटा, इसको सब इंजेक्शन लगे हुए हैं, कार्ड दिखाती हूँ.” काकूंनी साबण लावून नळाखाली बोट धरवलं आणि आम्ही सेक्टरच्या डॉक्टरांकडं गेलो. दवाखाना नवा, काचेचं दार, आत एसी. डॉक्टर तरुण, सभ्य माणूस. मी म्हटलं, “डॉक्टरसाब, मेरा बोट बिल्ली ने काटा.”

“बोट?” ते म्हणाले. “यमुना में?”

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग त्यांनीच सांगितलं, बोट म्हणजे उँगली. डॉक्टरही हसले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली आणि म्हणाले की मांजर टोचलेली असली तरी तिच्यावर नजर ठेवा, ती आजारी पडली तर तसेच या. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळी बिल्डिंग मांजरीची तब्येत विचारायला लागली. “रानी ठीक है? दूध पिया?” रानी ठणठणीत होती. माझं बोट मात्र रातोरात भेंडीसारखं फुगलं. लाल, गरम, आणि आत कुणीतरी ठोके मारतंय असं.

डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. फरक पडेना. सुई धरायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. मी ते कुणाला सांगितलं नाही. ब्लाउज तसेच पडले होते, आणि मनात एकच घोळत होतं, शाळा सुटली तेव्हा सुई होती. सुई सुटली तर हातात काय धरायचं?

रूथताई

रूथताई ब्लाउजाचं माप द्यायला आल्या होत्या. उंच, केस कापलेले, गळ्यात बारीक साखळीला क्रूस. मी डाव्या हातानं टेप धरून मापं घ्यायला लागले तशा म्हणाल्या, “उजवा कुठंय? दाखव. चलो, लाजू नको.”

बोट बघून त्यांचा चेहरा बदलला. “कशानं?”

“मांजर चावली.”

“अच्छा. पस येतोय. मी सकाळी येते. डॉक्टरची औषधं घेत राहा, पण नेमकं कोण आत बसलंय ते बघायला पाहिजे.”

सकाळी कामावर जाताना त्या दारात आल्या. पर्समधून काचेची नळी काढली, आतल्या काडीच्या टोकाला कापूस. तो बोटातून निघणाऱ्या पुवात हळूच फिरवला, परत नळीत घातला. “हे आता आम्ही लॅबमध्ये वाढवणार,” त्या म्हणाल्या. “मग त्याच्यापुढं वेगवेगळी औषधं ठेवणार. कुठल्या औषधाला घाबरतं ते बघणार. तोवर बोट उंच ठेव, वेण्या घालू नको, शिवायला तर बिल्कुल बसू नको.”

मला त्यांचं मराठी ऐकायला फार बरं वाटायचं. तुटक होतं, मधेच हिंदी, मधेच इंग्रजी, पण त्यांच्या आजीकडून आलेलं. काही शब्द आमच्या गावाकडच्यासारखेच.

फोन

होळीच्या आदल्या दिवशी काकू आणि अमृता बाजारात गेल्या होत्या. हॉलमधला फोन वाजला. मला फोन उचलायची भीती वाटायची, पण तो थांबेना. उचलला. खरखर फार होती.

“शोभा? मी रूथ. ऐक, रिपोर्ट कळला. बग पेनिसिलिनला सेन्सिटिव्ह आहे. एकदम. डॉक्टरला आजच सांग, विसरू नको. कागद सुट्टीनंतर पाठवते, लॅब आता बंद होतेय.”

फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. भीतीनं नाही. ‘बग’ म्हणाल्या म्हणून. आमच्याकडं ‘बघ’ कुणी म्हणतच नाही, ‘बग’च म्हणतात. आई दिवसातून शंभरदा म्हणते, “हे बग, काज वाकडं झालं.” “बग, दूध उतू गेलं.” एवढ्या लांब, एवढी शिकलेली बाई, आणि तिनं मला फोनवर आमच्या घरातल्यासारखं ‘बग’ म्हणावं! मी तो शब्द मनात धरून बसले. ‘आहेस’च्या जागी ‘आहे’ ऐकू आलं होतं, पण दिल्लीचं मराठी तसंच, आणि शेवटचा ‘स’ खरखरीत गेला असेल.

काकू आल्यावर मी त्यांना सांगितलं. “रूथताई म्हणाल्या, बग, पेनिसिलिनला सेन्सिटिव्ह आहेस.”

काकूंनी बाजाराची पिशवी तिथंच टाकली. “अगं देवा! सेन्सिटिव्ह म्हणजे सोसत नाही. ह्यांना नाही का धूळ सोसत नाही, तसं. पेनिसिलिन ज्याला सोसत नाही ते माणूस इंजेक्शनसरशी जागच्या जागी जातं. बरं झालं बाई तिनं शोधून काढलं!”

आम्ही तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या ट्रेमध्ये इंजेक्शनची बाटली होती. मी लांबूनच ओरडले, “डॉक्टरसाब, पेनिसिलिन नहीं! मैं सेन्सिटिव हूँ!”

“किसने बताया?”

“लॅबवाली डॉक्टर ने.”

त्यांनी बाटली बाजूला सारली. “अच्छा हुआ बता दिया. फिर पेनिसिलिन तो भूल जाइए. दूसरी देता हूँ.” आणि एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या लिहिल्या. त्यांचं काय चुकलं? रोगी स्वतः सांगतोय म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर तेच करेल. मी तर घरी येऊन देवापुढं आणि रूथताईंच्या नावानं दोन्ही हात जोडले. एक सुजलेला, एक बरा.

होळी

आपल्याकडं होळीला पुरणपोळी, आणि रंग पंचमीला. तिथं होळी पेटली की दुसऱ्या सकाळीच रंग. काकूंनी दोन्ही केलं. पुरणपोळीही आणि भल्ला आंटींनी शिकवलेल्या गुजियाही, आत खवा भरलेल्या, आपल्या करंजीसारख्या. मी गोळ्या घेत होते, नेमानं. दुखणं वाढत होतं, तेही नेमानं. काकूंना काळजी वाटू नये म्हणून मी हात ओढणीखाली ठेवायची. सकाळी पाहिलं तर मनगटापासून वर कोपराकडं एक लाल रेघ निघाली होती, खडूनं मार्किंग केल्यासारखी. अंगात कणकण भरली होती.

खाली ढोल वाजत होते. मी बाल्कनीत खुर्चीवर. अमृता हिरवीगार होऊन वर आली आणि मागोमाग रूथताई, गाल गुलाबी, केसांत पिवळा रंग, हातात डबा.

“हॅपी होली! बोट कसंय? आतापर्यंत उतरलं असेल.”

मी हात बाहेर काढला. त्यांनी डबा खाली ठेवला.

“हे काय? पेनिसिलिन चालू नाही?”

“नाही. तुम्हीच म्हणालात ना.”

“मी काय म्हणाले?”

“मी सेन्सिटिव्ह आहे म्हणून.”

“तू?” त्यांचा आवाज चढला. “मी तुझं नावच नाही घेतलं! मी म्हणाले, बग सेन्सिटिव्ह आहे.”

“हो, तसंच म्हणालात. बग, सेन्सिटिव्ह आहे.”

“अगं बग म्हणजे… यार… बग! तो छोटासा… कीडा… जो आत बसलाय! मराठीत काय म्हणतात त्याला?” त्या आवाज ऐकून आलेल्या काकूंकडं वळल्या. “मावशी, काय म्हणतात? आजी सांगायची, हात धू, नाहीतर ते… ते लागतील!”

“जंतू?” काकू म्हणाल्या.

“जंतू! जंतू सेन्सिटिव्ह आहे! पेनिसिलिननं जंतू मरतो! शोभा नाही मरत!”

काकूंनी कपाळावर हात मारला. अमृता एवढं होऊनही हसली, आणि मग रूथताईंचा चेहरा बघून काकांना बोलवायला धावली. मी काय केलं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की स्वतःवर रागवायचं होतं ते सगळं त्या एका शब्दावर आलं. माझ्या आईचा शब्द समजून मी ज्याला कुरवाळत बसले होते तो कुणी दुसराच निघाला.

“काका, गाडी काढा,” रूथताई म्हणाल्या.

सेक्टरचा दवाखाना बंद होता. दोन सेक्टर सोडून एक नर्सिंग होम उघडं मिळालं. तिथले सर्जन हात बघून काकांशी इंग्रजीत बोलले. मला त्यातलं ‘फिंगर’ कळलं आणि काकांचा पडलेला चेहरा कळला. मी रूथताईंचा हात धरला. “खरं सांगा. काढणार का बोट?”

“आत्ता नाही,” त्या म्हणाल्या. “पण अजून उशीर झाला तर मी काही प्रॉमिस करू शकत नाही.” खोटं बोलल्या नाहीत, ते मला बरं वाटलं.

मग त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक विचारलं. लहानपणी इंजेक्शनं घेतलीयेस? कधी अंगावर गांधी उठल्या? श्वास लागला? मला आठवलं, घसा सुजला की आई तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची. तिथं कंपाउंडर आधी हातावर थोडंसं टोचायचा, भोवती पेनानं गोल काढायचा आणि बाकावर बसवून ठेवायचा. नंतर कमरेत मोठी सुई. मी त्या गोलात डोळे काढून चेहरा करायची.

“गोल!” रूथताई सर्जनकडं बघून म्हणाल्या. “टेस्ट डोस. पेनिसिलिनच असणार. आणि कधी काही झालं नाही?”

“घसा बरा झाला.”

तरी त्यांनी कुणाला घाई करू दिली नाही. आता इथंही आधी टोचून बघायचं ठरलं. पण नर्सिंग होममध्ये औषध नव्हतं. नवी, महागडी इंजेक्शनं कपाटभर. जुनं पेनिसिलिन संपलेलं. बाजारातली चकचकीत दुकानं बंद. काका म्हणाले, “मी आणतो,” आणि गेले. सेक्टरच्या मागं जे मूळचं गाव होतं, म्हशींचे गोठे आणि शेणी थापलेल्या भिंतींचं, तिथं एका म्हाताऱ्या केमिस्टचं घर दुकानाच्या वरच होतं. काका परत आले ते निळे-जांभळे. चष्म्याची एक काच दिसत होती, दुसरी नाही. कपाळावरून रंग गळत होता आणि शर्टाच्या आत, पोटाशी धरलेल्या बाटल्या कोरड्या होत्या. “गावातल्या पोरांनी अडवलं,” काका म्हणाले. “म्हटलं, काय लावायचं ते लावा, पण पोटाला हात नका लावू.” सरकारी नोकरीत जन्म काढलेला, इस्त्रीशिवाय बाहेर न पडणारा माणूस तो.

हातावर टोचलं, पेनानं गोल काढला. मी त्या गोलाकडं बघत बसले. रूथताई घड्याळाकडं. काही उठलं नाही. मग इंजेक्शन दिलं, बोट उघडून पू धुऊन काढला. मी भिंतीकडं तोंड करून आईचं नाव घेत होते आणि रूथताई माझं डोकं धरून उभ्या होत्या. त्यांच्या ओढणीचा गुलाबी रंग माझ्या गालाला लागला. तेवढीच मी होळी खेळले.

दोन दिवसांत लाल रेघ मागं सरली. कोपरापासून मनगट, मनगटापासून तळवा. मी उठल्या उठल्या तीच बघायची.

लॅब

बोटाची पट्टी निघाली तेव्हा रूथताई मला त्यांच्याबरोबर ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसनं लॅबमध्ये घेऊन गेल्या. यमुनेच्या पुलावरून जाताना पाण्याच्या काठाला काकड्या-खरबुजांचे वाफे दिसले. त्या म्हणाल्या, “लहानपणी बाबा इथं आणायचे, खरबूज कापून खायला. तेव्हा पलीकडं काही नव्हतं. आता मी पलीकडंच राहते.”

लॅबमध्ये त्यांनी एक बंद बशी काढली, काचेसारखी, आत गडद लाल जेली. “उघडायची नाही हं. हे तुझं पाहुणं. तुझ्यासाठी फेकलं नाही.” जेलीवर पुसटसा राखाडी थर पसरला होता, दुधावर साय धरते तसा. आणि त्यावर कागदाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या, कपाळाला लावतो तेवढ्या.

“प्रत्येक टिकलीत एक औषध. ही पेनिसिलिनची.”

तिच्याभोवती मोठं गोल मोकळं रान होतं. साय तिथपर्यंत येऊन थांबलेली.

“आणि ही, तू घेत होतीस ती.”

ह्या टिकलीला साय अगदी चिकटून, तिच्या कडेपर्यंत वाढलेली. जणू तिथं काही ठेवलेलंच नाही.

मी म्हटलं, “आमच्या घरी साखरेच्या डब्याभोवती आई हळद टाकते. मुंगी हळदीजवळ येत नाही. पिठाची रेघ मात्र खुशाल ओलांडते.”

“हां! तेच. सेन्सिटिव्ह म्हणजे हळद. रेझिस्टंट म्हणजे पीठ. मी हेच सांगत जाईन आता.”

“मग रानीला कसं काही होत नाही?”

“तिच्या तोंडात ते राहतातच, जुने भाडेकरू. तिला त्रास नाही देत. तुझ्याकडं आले ते घुसखोर. आणि असं प्रत्येक जनावराचं वेगळं असतं. कुत्र्याचं, कोंबडीचं, गाईचं. एकासाठी लागू पडलं ते दुसऱ्याला पडेल असं नाही. नवं औषध म्हणजे चांगलं असंही नाही. तुझ्या ह्या पाहुण्याला हे जुनंच पुरलं.” मग बशी जागेवर ठेवत म्हणाल्या, “आणि मी आता फोनवर ‘बग’ म्हणत नाही. घरी ‘जंतू’ लिहून फ्रिजला लावलंय. माझं मराठी असं जातंय, शोभा. एकेक शब्द. आजी गेली, मग आई. बोलायला कुणी नाही राहिलं.”

दुपारी त्यांनी डबा उघडला. राजमा आणि भात. मी काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी नेली होती. ती त्यांनी बोटानं चाटली, डोळे मिटून.

परत

बोटाचं पुढचं पेर पुरतं वाकत नाही, थंडीत अजून ठणकतं. पण सुई धरतं. चैत्रात मी पुन्हा बसले. हातशिलाई हळू व्हायची म्हणून अमृता हुक लावायला शिकली, आणि पहिले सगळे तिनं उलटे लावले. “यार, मी बाहेरून घालीन ना मग!” लग्न गुडगावला झालं, मुलाकडच्या नव्या उंच सोसायटीच्या हिरवळीवर. शालूचा ब्लाउज तिला असा बसला की काकू रडायच्या थांबून तो बघायला लागल्या. रूथताई मी शिवलेल्या ब्लाउजात आल्या होत्या. मंगलाष्टकांत त्यांना शब्द येत नव्हते, पण ‘सावधान’ला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मला निजामुद्दीनला गाडीत बसवायला काका-काकूंबरोबर त्याही आल्या. मी पाया पडायला वाकले तर धरून उभं केलं. मी म्हटलं, “तुमचं कसं फेडू?” त्या म्हणाल्या, “बोट वापर. बस्स.”

काका-काकू आता नाहीत. अमृता परदेशात. नाताळात मी रूथताईंना फोन करते. लग्न त्यांनी केलं नाही, त्याच फ्लॅटमध्ये एकट्या असतात, मोहरीच्या जागी समोर आता दुसऱ्यांच्या खिडक्या. मागच्या नाताळात बोलता बोलता म्हणाल्या की मायक्रोस्कोपात बघून बघून डोळे गेले, मोतीबिंदू पिकलाय, पण पट्टी बांधल्यावर करायला कोण, म्हणून ऑपरेशन ढकलतायत. मी फोनवर काही बोलले नाही. मला पटकन बोलता येत नाही.

इथं लिहिते. रूथताई, ज्या दिवशी ठरवाल त्या दिवशी मला नुसतं कळवा. गाडीत मला आता भीती वाटत नाही. डोळ्यांवर पट्टी असेल तोवर तुमची औषधं मी घालीन, भाकरी मी थापीन, आणि दिवसभर तुमच्याशी मराठी बोलेन, गेलेले सगळे शब्द परत येईपर्यंत. तुम्ही माझा उजवा हात राखलात. तेवढे दिवस मी तुमचा होईन.